सरकलेल्या वाटीला झटका देऊ नका

‘गुडघ्याची वाटी सरकली? ऑपरेशन टाळा, एका झटक्यात बरे व्हा!’ हा फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर ताईने टाकला. भाचीची वाटी खो-खोच्या सरावात, खांबाजवळ वळताना सरकली, त्यामुळे घरात सगळ्यांनी धसका घेतलाय. ताईची काळजी कळते. पण ते वाचून ती पोरीला हाडवैद्याकडे न्यायला निघाली, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

पहिला दावा: जाणकाराने झटका दिला की वाटी जागेवर. मग गरम तेलाने रगडा, एक्स-रेची गरज नाही.

सगळ्यात घातक सल्ला हाच. पाय जमिनीत रोवलेला, गुडघा थोडा वाकलेला आणि अंग गर्रकन वळलं की वाटी सरकते, आणि जवळजवळ नेहमी बाहेरच्या अंगाला. पाय सरळ झाला की बऱ्याचदा ती आपली आपण जागेवर येते, दवाखाना गाठायच्या आधीच. झटक्याचं म्हणून जे कौतुक चाललंय ते बऱ्याचदा या आपोआप बसण्याचंच असतं. नाहीच आली, तर डॉक्टर आधी दुखणं कमी करतात, मग पाय हळूहळू सरळ करत वाटी बाहेरून आत अलगद ढकलतात. यात हिसका कुठेच नाही.

आणि खरी भीती पुढे आहे. वाटी सरकताना किंवा परतताना मांडीच्या हाडाच्या कडेवर घासते आणि कूर्चेचा (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराचा), कधी हाडासकट, तुकडा उडू शकतो. तो सांध्यात फिरत राहतो, मध्येच अडकतो, गुडघा अडून बसतो. बोटांनी चाचपून हे कुणालाही कळत नाही, साध्या एक्स-रेतही निसटू शकतं. काही तासांत गुडघा टम्म फुगला तर आत बहुधा रक्त साठलेलं असतं. तिथे एमआरआय विचारायचा, तेल चोळायचं नाही. मोठा तुकडा वेळेत सापडला तर परत बसवता येतो. मालिशमध्ये आठवडे गेले की ती संधी जाते. भाचीचा गुडघा संध्याकाळपर्यंत फुगला होता, आणि फॉरवर्ड म्हणतो एक्स-रे नको!

दुसरा दावा: ऑपरेशन कधीच लागत नाही. यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करते. पहिल्यांदा वाटी सरकली आणि तुकडा उडालेला नसेल, तर बहुतेकांना ऑपरेशनशिवायच उपचार देतात. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या 2023 च्या आढाव्यात 10 अभ्यास आणि 519 रुग्ण तपासले. ऑपरेशन सरसच ठरतं असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. पण ‘कधीच’ कुठून आलं? वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा, पहिल्याच वेळी बहुधा फाटतं. त्यात वाटी ज्या खाचेत बसते ती जन्मतः उथळ असेल, वाटी वर चढलेली असेल किंवा सांधे सैल असतील, तर ती पुन्हा पुन्हा सरकू शकते. अशांना बऱ्याचदा ते लिगामेंट नव्याने बांधून द्यावं लागतं, बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) वापरून. वाढत्या वयाच्या मुलांत हाडाच्या वाढीची जागा सांभाळून करावं लागतं, म्हणून हा निर्णय लहान मुलांचे गुडघे बघणाऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनकडेच व्हावा.

तिसरा: दोन महिने गुडघा हलवू नका. नको! सुरुवातीला सूज आणि दुखणं असेपर्यंत पट्टा, कुबड्या ठीक. पण मांडीचा पुढचा स्नायू पाहता पाहता सुकतो, आणि वाटीला ताळ्यावर ठेवणारा तोच. टाचेखाली टॉवेल ठेवून गुडघा खाली दाबत मांडी आवळणं, पाय सरळ ठेवून उचलणं, कुशीवर झोपून पाय वर नेणं: फिजिओथेरपिस्ट इथून सुरुवात करतात.

फॉरवर्डमध्ये कॅल्शियम आणि नी-कॅपचाही (गुडघ्यावर चढवायच्या पट्ट्याचाही) सल्ला आहे. कॅल्शियमने फाटलेलं लिगामेंट शिवलं जात नाही. नी-कॅपने धीर येतो, ताकद नाही.

शेवटचा दावा वाचून मात्र डोकं फिरलं: ‘मुलीने खेळ सोडावा.’ का? ऑपरेशन नसेल तर साधारण तीन-चार महिन्यांत, ऑपरेशन झालं तर सहा महिने किंवा जास्त वेळाने अनेक जण मैदानात परततात. तारीख बघून नव्हे: सूज नको, गुडघा पूर्ण वाकला-सरळ झाला पाहिजे, एका पायावर बसता-उठता आणि उडी मारता आली पाहिजे, दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी हवी. खांबाला वळण्याचा सराव त्यानंतर, आधी हळू. उद्या एमआरआयची वेळ घेतली आहे, मी ताईबरोबर जातेय.