जटायूच्या समाधीपाशी गिधाडाची गोष्ट

परवा भाच्यांना घेऊन आमच्या भागातल्या एका अभयारण्यात गेलो होतो. कोणतं ते विचारू नका, नाव बदललं तरी फलक तोच असतो. हिरवा पत्रा, त्यावर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972, कलमं, अधिसूचनेचा क्रमांक, हेक्टरमध्ये क्षेत्र आणि तळाला बिबट्या, लांडगा, कोल्हा, सायाळ अशी हजेरी. पाचवीतली भाची मोठ्यानं वाचत होती. 'अधिसूचित'पाशी अडखळली आणि म्हणाली, "मामा, हे आपल्यासाठी लिवलंय का सायबासाठी?"

मग समोरच्या कट्ट्यावर चहा घेत बसलो आणि नुसतं बघत राहिलो. अर्ध्या तासात फलकापाशी तिघं थांबले. एकानं सेल्फी काढला. एकानं चपलेतला खडा काढायला खांबाचा आधार घेतला. तिसरी आमची भाची, दुसऱ्यांदा.

हसण्यावारी नेऊ नका, संशोधनाची सुरुवात अशीच होते. किती जण थांबले, किती सेकंद थांबले, बाहेर पडताना त्यांच्या डोक्यात काय उरलं. एक वही, एक घड्याळ आणि जवळच्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची चार पोरं, एवढ्यावर भागतं. आपण मात्र निसर्ग परिचय केंद्राला फरशी कोणती बसवायची यावर डोकं लावतो, आत येणारा माणूस कोण हे विचारायचं राहूनच जातं.

अमेरिकेत ॲरिझोनात एक राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं लाकडाचे दगड झालेत, जीवाश्म. लोक खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत तिथं खुणा केलेले तुकडे वाटेवर ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. 'आजवर अनेकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं' अशा अर्थाची पाटी होती तेव्हा 7.92 टक्के तुकडे गेले. 'कृपया नेऊ नका' असं साधं लिहिलं तेव्हा 1.67 टक्के. तळमळीनं लिहिलेल्या पाटीनंच चोरी वाढवली, कारण वाचणाऱ्याला कळलं की सगळेच नेतात, मग आपणच का मागं राहा! आता आपल्याकडचं 'पर्यटक मोठ्या प्रमाणावर प्लास्टिक टाकतात' हे वाक्य आठवा. मीही शाळेच्या सहलीसाठी असंच एक पोस्टर लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात. आता लाज वाटते.

पण नुसत्या पाट्यांच्या भाषेनं काम होणार नाही. फ्रीमन टिल्डन या अमेरिकी लेखकानं 1957 मध्येच सांगून ठेवलंय की दाखवतो ती गोष्ट समोरच्याच्या आयुष्याशी जुळली नाही, तर सगळं सांगणं वांझ. पैठणच्या वारकऱ्याला वाट चालणं म्हणजे काय हे शिकवावं लागतं का? तिथल्याच नाथसागर जलाशयावर हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकादंब या पक्ष्याची गोष्ट त्याच्याशी तिथूनच सुरू करता येते.

आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यातलं येडशीचं रामलिंग, जंगलातलं महादेवाचं देऊळ. अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. 2024 च्या शेवटी तिथं कॅमेऱ्यात वाघ दिसला, तो पार यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला. अंगावरचे पट्टे जुळवून त्याचं गाव शोधलं गेलं. वाघाची बातमी सगळ्यांनी वाचली. मला मात्र तिथला जटायू जास्त मोलाचा वाटतो. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला त्यानं इथंच अडवलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. समाधी आहे, श्रावणात गर्दी लोटते, नारळ फुटतात. जटायू म्हणजे गिधाड, आणि गिधाडाचं काय झालं हे सांगायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात दाखवा.

भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या काळात 99.9 टक्क्यांनी घटली. कारण 2004 मध्ये सापडलं : डायक्लोफेनॅक. दुखण्यावर जनावराला इंजेक्शन द्यायचं, जनावर मेलं की गिधाडं तुटून पडायची आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. त्याऐवजी देता येणारं मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे हेही त्याच सुमारास सिद्ध झालं. समाधीपुढं हात जोडणाऱ्यांत निम्मे शेतकरी, घरी बैल-म्हैस असणारे. त्यांना याहून जवळची माहिती कोणती? (असा फलक तिथं आधीच लागला असेल तर फोटो टाका, मी आनंदानं ही पोस्ट दुरुस्त करतो.)

कोणता मजकूर चालेल हे मला विचारू नका, अधिकाऱ्यांनाही विचारू नका. दोन-तीन मजकूर कागदावर लिहून श्रावणातल्या वेगवेगळ्या सोमवारी लावा आणि परतणाऱ्या बायाबापड्यांना पायऱ्यांवर विचारा.

मी घरातच करून पाहिलं. आई दर श्रावणात रामलिंगला जाते. तिला मूत्रपिंड, टक्केवारी काही सांगितलं नाही, फक्त जटायूची लेकरं कशानं मेली एवढं सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "आपला सर्ज्या लंगडत होता तवा डॉक्टरनं कोणतं इंजेक्शन दिलं होतं रे?"