खुलासा : गोळीवर मालकाचं नाव नसतं

'गोळी सापडली की संगणक क्षणात बंदूक आणि तिचा मालक सांगतो' असा मजकूर न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

रायफल-पिस्तुलाच्या नळीत आतून पिळदार चर असतात. गोळी त्यातून फिरत जाते आणि अंगावर ओरखडे घेऊन बाहेर पडते. पण नुसत्या ओरखड्यांवरून नेमकी बंदूक कळत नाही, तुलनेला बंदूक हवी. संशयित हत्यारातून पाण्याच्या टाकीत गोळी झाडतात आणि दोन्ही गोळ्या तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवतात. शिकागोच्या १९२९च्या व्हॅलेंटाइन डे हत्याकांडात अमेरिकी बंदूक-तज्ज्ञ कॅल्विन गॉडार्ड यांनी हेच तंत्र वापरलं. संगणक फार तर जुळण्याजोग्या नमुन्यांची यादी देतो. निर्णय तज्ज्ञाच्या डोळ्यांचा.

बारा बोअरच्या, म्हणजे छर्‍यांच्या बंदुकीच्या नळीला साधारणपणे चरच नसतात, त्यामुळे छर्‍यांवर असे ओरखडे येत नाहीत. गावठी कट्ट्याचंही बहुधा तेच. तिथे काडतुसाची रिकामी पुंगळी जास्त बोलते : फायरिंग पिनचा, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या खिळीचा खड्डा तिच्या बुडावर उमटलेला असतो.

आणि ही जुळणी 'शंभर टक्के' खात्रीची असते का? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९मध्येच या पद्धतीच्या वैज्ञानिक पायावर प्रश्न उभे केले. आपल्याकडेही भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९नुसार हे तज्ज्ञाचं मतच.