तो बॅज धुऊ नका हो!

आज सकाळी एकाने मोठ्या कौतुकाने 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो टाकले. १९१५ चा ऑस्ट्रेलियातला बटण-बॅज, जखमी सैनिकांच्या निधीसाठी रस्त्यात विकलेला. साबणाच्या पाण्यात भिजवला म्हणे. 'नंतर'च्या फोटोत कडेने तपकिरी वलय उमटलंय आणि हे महाशय चकाकीचं कौतुक सांगतायत!

अहो, ते नाणं नाही. पत्र्याची चकती, तिच्यावर छापील कागद, कागदावर सेल्युलॉइडचा (जुन्या काळचं प्लास्टिक) पातळ पारदर्शक पापुद्रा, आणि सगळ्याच्या कडा मागे दुमडून आत दाबून बसवलेली धातूची कडी. पाणी त्या कडीच्या फटीतून आत शिरतं आणि तिथेच मुरतं. पत्रा गंजतो, गंज कागदात उतरतो. डाग आतला, तुम्ही घासताय वरून. नेलपॉलिश रिमूव्हरवाले तर धन्यच. त्यातलं ॲसिटोन सेल्युलॉइडच विरघळवतं. मागच्या पोकळीत बनवणाऱ्याच्या नावाचा कागद असेल (अमेरिकेत न्यूअर्कची बॅज बनवणारी कंपनी व्हाइटहेड अँड होग तो लावायची), तर तोही लगदा. म्हणजे बॅज कुणी बनवला याचा पुरावाच धुऊन टाकला.

आणि धुतलं काय, तर छातीवरची पावती! बॅज लावलेला दिसला की डबा घेऊन उभ्या असलेल्या बाया पुन्हा अडवत नसत. नसला की चारचौघांत नजर चुकवा. म्हणूनच दर निधीला नवं चित्र, नवा रंग. गेल्या महिन्याचा बॅज लावून सुटका नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला २ जुलै १९१५ ला सैनिकांसाठी निधी गोळा करायचा पहिला व्हायोलेट डे, लगेच ३० जुलैला ऑस्ट्रेलिया डेचा निधी. माणसाने खिशात हात घालायचा तरी किती वेळा?

कळवळ्यात थोडी जबरदस्तीही होती, मान्य. लबाडीही होती, ब्रिटनने १९१६ मध्ये वॉर चॅरिटीज ॲक्ट आणून युद्धनिधींना नोंदणी सक्तीची केली ती काय उगाच? पण म्हणून त्या फोटोतल्या बॅजची वाकडी टाचणी सरळ करायचं कारण नाही. ती कुणाच्या तरी कोटातून गेलीय. शिवाय जुनी तार वाकवली की मोडते.

बरं, धूळ खुपत असेल तर मऊ कोरडा ब्रश. बस्स. ठेवायला थंड, कोरडी जागा, पण हवाबंद डबी नको: जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं, ती कोंडली की शेजारच्या बॅजचा पत्राही खाते. पापुद्रा पिवळा पडून तडकायला लागला, तर तो बॅज आधी वेगळा काढा.

एवढं ओरडल्यावर आता त्या माणसाचं वाईट वाटतंय. प्रेमानेच केलं असणार. बॅज अजून ओला असेल तर ऐक बाबा: कडेवर उभा धर, फटीला टिपकागद लाव, कागद ओला झाला की बदलत राहा. मग सावलीत, मोकळ्या हवेत दोन-चार दिवस. हेअर ड्रायर अजिबात नको. सेल्युलॉइड उष्णतेने आकसतं, आणि पेटतंही.