‘आपोआप युद्ध’ करारात कुठेच लिहिलेलं नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘दक्षिण चीन समुद्रात चीनने फिलिपिन्सच्या बोटीला हात जरी लावला, तरी १९५१ च्या संरक्षण करारामुळे अमेरिकेला आपोआप युद्धात उतरावं लागेल.’ असलं वाचून माणसं खरोखर धास्तावतात, म्हणून हे लिहितोय.

‘आपोआप’
अमेरिका आणि फिलिपिन्समधल्या या कराराचं चौथं कलम वाचा. प्रशांत महासागरात एकावर सशस्त्र हल्ला झाला, तर दुसरा तो स्वतःच्याही सुरक्षिततेला धोका मानेल आणि आपल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार त्याला तोंड देईल, एवढंच त्यात आहे. सैन्य पाठवायचं की आणखी काही करायचं, याबद्दल चकार शब्द नाही. युद्ध जाहीर करण्याचा अधिकार अमेरिकी घटनेने तिथल्या संसदेला दिलेला आहे. ज्या नाटोचे दाखले दिले जातात, त्याच्या पाचव्या कलमातसुद्धा कोणती कृती आवश्यक, हे प्रत्येक देशानेच ठरवायचं आहे.

‘हात जरी लावला’
खरी मेख इथे आहे. दक्षिण चीन समुद्रातल्या सेकंड थॉमस शोल या उथळ खडकावर फिलिपिन्सने १९९९ मध्ये ‘सिएरा माद्रे’ हे जुनं जहाज मुद्दाम रुतवून ठेवलं. ते गंजतंय, पण त्यावर आजही सैनिक राहतात. १७ जून २०२४ ला त्यांच्यासाठी रसद नेणाऱ्या रबरी बोटींवर चिनी तटरक्षक चाकू-कुऱ्हाडी घेऊन चालून आले. बोटी फाडल्या, एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी हे कृत्य हेतुपुरस्सर आणि बेकायदा म्हटलं, पण सशस्त्र हल्ला म्हटलं नाही. कलम वापरलंच गेलं नाही. २०१२ मध्ये याच समुद्रातल्या स्कारबरो शोलचा ताबा चीनने गोळी न झाडता मिळवला, तेव्हाही तेच. नौदल एवढं वाढूनही चीन इथे पुढे करतो ती तटरक्षक दलाची जहाजं, पाण्याचे फवारे आणि धडका. सशस्त्र हल्ला म्हणता येणार नाही इतपतच रेटायचं, हा त्याचा डाव मला तरी स्पष्ट दिसतो.

‘मग करार नुसता कागदच!’
हेही साफ चूक. दक्षिण चीन समुद्र करारात येतो, हे अमेरिकेने २०१९ मध्ये मनिलात जाहीरपणे सांगितलं. करार कसा लागू होतो याबद्दलच्या दोन्ही देशांच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तटरक्षक दलाच्या जहाजांचाही स्पष्ट उल्लेख आला. आणि ३१ मे २०२४ ला सिंगापूरमध्ये मार्कोस म्हणाले होते की, जाणूनबुजून केलेल्या कृतीत फिलिपिनो नागरिक मेला, तर ते युद्धकृत्याच्या अगदी जवळचं असेल. अंगठा तुटण्याची घटना त्यानंतर सतराव्या दिवशीची आहे.