‘चांगली कथा आपली वाट आपण काढते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर ‘एक जुना वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तशीच ठेवली आहे, एक शब्द गाळलेला नाही. लेख होता अमेरिकेतल्या हर्स्टन/राइट फाउंडेशनच्या पुरस्काराबद्दल; झोरा नील हर्स्टन आणि रिचर्ड राइट या दोन कृष्णवर्णीय लेखकांची नावं या संस्थेला दिली आहेत. कॉलेजात शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलामुलींच्या कथालेखनासाठी हा पुरस्कार असतो. लेखिका मरिटा गोल्डन आणि क्लाइड मॅकएल्विन यांनी 1990 साली ही संस्था उभी केली. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा असा: ‘ताई, लेख भावनेच्या भरात लिहिलाय. चांगली कथा आपली वाट आपण काढते, तिला जन्मदाखला लागत नाही. असे वेगळे पुरस्कार देऊन आपण त्या मुलांना कायमचं दुय्यम ठरवतो. बक्षिसाची रक्कमही किरकोळ. पात्र कोण हे तपासणार कोण? आणि 2023 च्या अमेरिकेतल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर असल्या योजना टिकणार तरी आहेत का? परदेशात बसून इकडचे चष्मे तिकडे लावणं सोपं असतं.’

लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण रागात लिहायचं नव्हतं. राग पुरता गेलाय असं अजूनही म्हणणार नाही.

आधी ‘ताई’बद्दल. ताई म्हणावं, जरूर म्हणावं. पण ताई म्हणायचं आणि त्याच दमात ‘भावनेच्या भरात’ म्हणून मोकळं व्हायचं, ही रीत मला लहानपणापासून माहीत आहे. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर त्याला ‘सडेतोड’ म्हटलं गेलं असतं. लेखात सालं होती, नावं होती, पुरस्कार कसा सुरू झाला ते होतं. त्यातलं एकही साल चुकलंय असं आपण दाखवलेलं नाही. मग भावना नेमकी कुठल्या ओळीत सापडली, तेवढं सांगा. मतभेदाला माझी हरकत नाही, इथे कितीतरी वाचक माझ्याशी भांडतात आणि मला ते हवे असतात. पण समोरच्या बाईला आधी हळवी ठरवायचं आणि मग तिला समजावायला बसायचं, याला मतभेद म्हणत नाहीत.

रक्कम किरकोळ आहे, हे मात्र मान्य. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांची एका सत्राची फीसुद्धा त्यातून निघणार नाही. हा मुद्दा आपला बरोबर आहे आणि त्यावर मला वाद घालायचा नाही.

आता त्या वाक्याकडे येते. ‘चांगली कथा आपली वाट आपण काढते.’ वाक्य छान आहे, भाषणात टाळ्या घेईल. पण ज्या माणसांबद्दल आपण बोलतोय, त्यांच्या इतिहासात ते कुठे खरं ठरलं?

1773 साली फिलिस व्हीटली या गुलाम मुलीचा कवितासंग्रह लंडनमध्ये छापला गेला. या कविता हिच्याच आहेत, अशी ग्वाही पुस्तकाच्या सुरुवातीला छापावी लागली आणि तिच्याखाली बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांची नावं होती. त्यात मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते, पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे जॉन हॅनकॉक होते. आपण म्हणता, कथेला जन्मदाखला लागत नाही. त्या मुलीकडे दाखला मागणारे तिचे वाचकच होते. तेव्हा कोणाला ‘कवितेला रंग नसतो’ असं सुचलं नव्हतं.

फार जुनं झालं? मग अमेरिकेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक घ्या. कादंबरीसाठी ते 1918 पासून दिलं जातंय. कथा-कादंबरीसाठी ते मिळालेले पहिले कृष्णवर्णीय लेखक म्हणजे जेम्स अ‍ॅलन मॅकफर्सन, साल 1978. मधली साठ वर्षं झोरा नील हर्स्टन लिहीत होत्या, रिचर्ड राइट लिहीत होते, राल्फ एलिसन आणि जेम्स बाल्डविन लिहीत होते. एलिसनना 1953 चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं आणि ग्वेंडोलिन ब्रुक्सना कवितेचं पुलित्झर 1950 सालीच मिळालं, हे मला ठाऊक आहे, म्हणजे पुढच्या प्रतिक्रियेत आपण ते काढायला नको. बाल्डविन डिसेंबर 1987 मध्ये गेले. या दोन्हींपैकी एकही पुरस्कार त्यांना मिळाला नव्हता. पुढच्याच महिन्यात 48 कृष्णवर्णीय लेखकांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्रंथपुरवणीत सह्यांचं निवेदन छापून आणलं, की कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्याकडेही या देशाने असाच काणाडोळा चालवला आहे. त्याच वर्षी मॉरिसनना पुलित्झर मिळालं, 1993 साली नोबेल. टोनी मॉरिसनसाठीसुद्धा 48 जणांना सह्या कराव्या लागत असतील, तर बाल्टिमोरमधल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची कथा आपली वाट आपण कशी काढणार आहे?

आणि जिच्या नावाने हा पुरस्कार आहे ती झोरा हर्स्टन. तिच्याबद्दल आपण एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणून मीच लिहिते. 1891 चा तिचा जन्म. पंचविशी उलटल्यावर बाल्टिमोरमध्ये तिने वय दहा वर्षांनी कमी सांगितलं, कारण त्याशिवाय फुकट शाळेत बसता येत नव्हतं. मग वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठ. तिथल्या वाङ्मयीन मासिकात 1921 साली तिची पहिली कथा आली. 1925 च्या जानेवारीत ती न्यूयॉर्कला पोचली तेव्हा जवळ दीड डॉलर होता, असं तिनेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्या वर्षी ‘ऑपॉर्च्युनिटी’ या मासिकाने कृष्णवर्णीय लेखकांसाठी स्पर्धा घेतली होती. होय, फक्त त्यांच्यासाठी. झोराच्या कथेला दुसरं बक्षीस, नाटकालाही दुसरं. कवितेचं पहिलं बक्षीस लँगस्टन ह्यूज यांना. बक्षीस समारंभाच्या त्या जेवणाला अ‍ॅनी नेथन मेयर आल्या होत्या, बर्नार्ड कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी झोराला बर्नार्डमध्ये जागा मिळवून दिली. 1928 साली ती तिथून पदवीधर झाली, त्या वेळी त्या कॉलेजातली एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. (बर्नार्डमधून ब्रॉडवे ओलांडला की कोलंबिया विद्यापीठ, जिथे 1913 ते 1916 बाबासाहेब शिकले. मी तो रस्ता ओलांडला आहे आणि ओलांडताना हे आठवल्याशिवाय राहिलं नाही.)

कथा तीच, लिहिणारी तीच. ते जेवण नसतं, ते ‘वेगळं’ बक्षीस नसतं, तर बर्नार्डचं दार उघडलं नसतं. आणि अशी जेवणं संपल्यावर काय झालं तेही बघा. 1960 साली ती फ्लोरिडात फोर्ट पिअर्सच्या अनाथ-वृद्धांच्या सरकारी आश्रयगृहात वारली आणि तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. तिची पुस्तकं बाजारात मिळत नव्हती. 1973 साली लेखिका अ‍ॅलिस वॉकर जाऊन ती जागा शोधते, दगड बसवते, तिच्यावर लिहिते आणि त्यानंतर लोक झोराला पुन्हा वाचू लागतात. इतक्या वर्षांत तिची कथा चांगलीच होती ना? मग वाट का नाही काढली तिने?

आता माझं सांगते, कारण ‘परदेशात बसून’ हे आपण मलाच उद्देशून लिहिलंय. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावची. कॉलेजात असताना वार्षिक अंकासाठी कथा दिली होती. त्यात आजी होती आणि ती घरी बोलायची तशीच कथेत बोलत होती, ‘काहून रडायलीस’ म्हणत. कथा परत आली. आजीच्या प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ आणि शेवटी शेरा, शुद्ध करून आणा. मी शुद्ध केली. अंकात छापूनही आली. आजीच्या तोंडी पुस्तकी मराठी वाचून मला इतकी लाज वाटली की तो अंक मी घरी नेलाच नाही. पुढे 14 एप्रिलच्या निमित्ताने गावातल्या एका लहानशा मंडळाने आमच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी कथास्पर्धा ठेवली, तिथे मी जुनीच कथा, लाल रेघांच्या आधीची, दिली. परीक्षक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी माईकवरून आजीची वाक्यं तिच्याच हेलात वाचून दाखवली आणि मागे बसलेल्या बायका हसल्या, मग गप्प झाल्या. बक्षीस मिळालं ते एका पाकिटात, रक्कम सांगण्यासारखी नाही. मी आज लिहिते ती त्या संध्याकाळमुळे. त्याने मी दुय्यम झाले असं आपल्याला म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हणा.

आता इथलं. मी मेरीलँडमधल्या एका विद्यापीठात मुलांना लेखनात मदत करते. बाल्टिमोरची एक मुलगी कथा घेऊन आली होती. शनिवारची रात्र, दुसऱ्या दिवशी चर्च, आजी गॅसवर लोखंडी फणी तापवते आणि नातीला म्हणते, ‘कान धर.’ नात कानाची पाळी खाली दुमडून धरते, फणी केसातून जाते, तेलाचा चरचर आवाज येतो. बस, एवढंच. वर्गात ती वाचल्यावर बाकीच्यांनी विचारलं, हा मुलीचा छळ आहे का? शिक्षकाने समासात लिहिलं, वाचकाला समजावून सांगा. तिने फणी म्हणजे काय, केस सरळ का करायचे, याचा परिच्छेदभर खुलासा घातला. दोन्ही खर्डे तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवले. दुसऱ्यातली आजी कोणीतरी माहितीपत्रकातून कापून आणल्यासारखी वाटत होती. मी तिला हर्स्टन/राइटबद्दल सांगितलं आणि पहिला खर्डा पाठव म्हटलं. तिला बक्षीस मिळालं नाही, हेही सांगून टाकते. पण कान का धरायचा हे ज्यांना सांगावं लागत नाही अशा माणसांनी वाचायचं आहे, एवढ्या खात्रीवर तिने खुलासा काढून टाकला. विसाव्या वर्षी असा पहिला वाचक मिळणं किंवा न मिळणं, यावर माणूस पुढे लिहितो की थांबतो ते ठरतं. या पुरस्काराचं महत्त्व मला वाटतं ते यासाठी. त्या किरकोळ रकमेसाठी नाही.

‘दुय्यम’ या शब्दावर आणखी थोडं. पुरस्काराच्या नावात जे दोघे आहेत, त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. 1937 साली राइटने झोराच्या कादंबरीचं परीक्षण लिहिलं आणि तिच्यात ना विषय, ना संदेश, ना विचार, असं म्हणून टाकलं. त्या भांडणातली दोन्ही नावं शेजारी ठेवून हा पुरस्कार दिला जातो. एकाच साच्यातली रडगाणी मागणाऱ्या संस्थेने असं केलं असतं का? आणि राइट कॉलेजात गेलाच नव्हता. मेम्फिसमध्ये एका गोऱ्या सहकाऱ्याचं कार्ड आणि खोटी चिठ्ठी घेऊन तो ग्रंथालयातून पुस्तकं आणायचा, कारण त्याला स्वतःच्या नावावर ती मिळाली नसती. त्याच्या नावाने आज कॉलेजच्या मुलांना पुरस्कार मिळतो. मला तरी यात कोणाला कमी लेखलेलं दिसत नाही.

पात्रता कोण तपासणार, हा प्रश्न नेहमीचा आहे. जातीच्या दाखल्याबद्दलही हाच विचारतात, आणि विचारणारे बहुधा ज्यांना दाखला कधी काढावा लागला नाही तेच असतात. कोर्टाचा निकाल विद्यापीठांच्या प्रवेशांत वंश विचारात घेण्याबद्दलचा होता, त्याचे पडसाद पुढे कुठे उमटतील ते वकील पाहतील, मी कथेबद्दल लिहिते.

आणि चष्मा. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. समीक्षक म. ना. वानखेडे अमेरिकेतून शिकून आले आणि मराठवाड्यात कृष्णवर्णीयांच्या साहित्याबद्दल बोलू लागले. जनार्दन वाघमाऱ्यांनी त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. 1972 मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांनी संघटना काढली तेव्हा ‘दलित पँथर’मधलं पँथर हे नाव त्यांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडूनच घेतलं ना? ही ये-जा माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. मी ती अमेरिकेत येऊन शोधून काढलेली नाही, घरातून घेऊन आले आहे.

पुढचा लेख ‘ऑपॉर्च्युनिटी’च्या त्या 1925 च्या स्पर्धेवर लिहिते आहे. आपण जुने वाचक आहात म्हणता, तर तोवर झोरा हर्स्टनची एक तरी कथा वाचा आणि मग ती आवडली नाही असं खुशाल लिहा, मी छापेन. ‘भावनेच्या भरात’ने सुरू होणारी प्रतिक्रिया मात्र यापुढे छापणार नाही.