सर्व सभासदांचा एकच मोबाइल

आमच्या पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थेने सभासदांची माहिती वहीतून उचलून नव्या संगणक-प्रणालीत भरली, आणि चिटणीस या नात्याने मी पहिली यादी छापून घेतली तेव्हा बहुतेक सर्वांचा मोबाइल क्रमांक 2147483647 असल्याचे आढळले. चपलांच्या कपाटावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेले दोन शेजारीही आता एकाच क्रमांकावर नांदत होते.

प्रणाली बनवणाऱ्या तरुणाने फोनवर शांतपणे खुलासा केला. क्रमांकासाठी त्याने 32 द्विमान अंकांची (म्हणजे बिटांची; प्रत्येक 0 किंवा 1) जागा ठेवली होती. त्यातला एक अंक धन-ऋण चिन्हाकडे जातो आणि उरलेल्या 31 अंकांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1, अर्थात 214 कोटी 74 लाख 83 हजार 647. आपले मोबाइल क्रमांक 6 ते 9 याच अंकांनी सुरू होत असल्याने त्यांतला गरिबातला गरीबही 600 कोटींचा असतो; असा पाहुणा दारात आला की ही प्रणाली तक्रार न करता त्याला छाटून कमाल मर्यादेवर बसवते. वाचल्या त्या फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. लँडलाइन सोडायला त्या तयार नव्हत्या, आणि 020 मधले पहिले शून्य गळाल्यावर त्यांचा क्रमांक 202 कोटींच्या घरात सुखरूप मावला. मुंबईच्या 022 ला हे भाग्य लाभले नसते, हे आजींनी आवर्जून दोनदा ऐकून घेतले.

मला हवे होते खरे क्रमांक. पण विषय कार्यकारिणीपुढे गेला, आणि आमचे खजिनदार निवृत्त गणित-शिक्षक आहेत. ही संख्या अविभाज्य आहे, असे त्यांनी उभे राहून जाहीर केले. तसे सिद्ध करायचे तर सुमारे 46,341 पर्यंतच्या सर्व अविभाज्य संख्यांनी भागून पाहावे लागले असते. परंतु तिला विभाजक असलाच तर 248 ने भागल्यावर त्याची बाकी 1 किंवा 63 च उरेल, हे गणितज्ञ ऑयलरने ताडले आणि 1772 साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, अवघ्या 84 भागाकारांत प्रकरण मिटवले. (आमच्या पाणीपट्टीच्या विभागणीला याहून अधिक बैठका लागल्या आहेत.) या संख्येला 2 च्या 30 व्या घाताने गुणले की आठवी परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकी सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी) मिळते, आणि असल्या निरुपयोगी गोष्टीच्या मागे याहून पुढे कोणी जाणार नाही, असे पीटर बार्लो या गणितज्ञाने 1811 साली लिहून ठेवले. तरीही 1876 साली ल्युका या गणितज्ञाने एक 39 अंकी संख्या अविभाज्य असल्याचे सिद्ध केले. निरुपयोगी कामाला माणसे मिळत नाहीत, असे मानणारा बार्लो आमच्या कार्यकारिणीत कधी बसला नसावा.

शेवटी खजिनदारांनी इशारा दिला की 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद याच जागेत मोजणारी जुनी संगणकीय घड्याळे मंगळवार, 19 जानेवारी 2038 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी मर्यादा गाठतील. सभा गंभीर झाली. बऱ्याच वेळाने उपाध्यक्षांनी विचारले, “तोवर आपला पुनर्विकास होईल ना?”