इग्लू, कोळसा आणि ‘तेव्हा लोगो होतेच कुठे?’

अमेरिकन फुटबॉलच्या (चेंडू काखेत धरून पळायचा तो, आपला पायाने खेळायचा नव्हे) बंद पडलेल्या जुन्या संघांचे गणवेश आणि लोगो नव्याने काढणारे बरेच हौशी डिझायनर आहेत. त्यांच्यात गेले काही महिने एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: १९२० च्या दशकात संघांना लोगो नव्हते. सगळे मळकट तपकिरी स्वेटर घालून खेळायचे. फोटो काळेपांढरे, त्यामुळे रंग कोणालाच ठाऊक नाहीत. नावं अशीच ठेवलेली. आणि संघ मेले, त्यांचं कोणी उरलं नाही, तेव्हा मनाला येईल ते काढा, यात चूक असं काही नसतंच.

शेवटचं वाक्य कानाला गोड लागतं, म्हणून मजकूर इतका पसरला. मीही याच छंदातला आहे आणि एकेकाळी हे सगळं मलाही पटलं असतं. आता एकेक घेतो.

लोगो नव्हते, हे अर्धं खरं. १७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायोतल्या कँटन गावी राल्फ हे (Hay) यांच्या मोटारींच्या शोरूममध्ये बसून लीग, म्हणजे आजची एनएफएल, स्थापन झाली, तेव्हा आजच्या अर्थाचं बोधचिन्ह कोणी सोबत आणलं नव्हतं. पण १९२६ चा डुलुथ एस्किमोज घ्या. हाडं गोठवणाऱ्या मिनेसोटातला संघ, एर्नी नेव्हर्ससारखा त्या काळचा मोठा खेळाडू, जवळजवळ सगळा हंगाम प्रवासात. त्यांच्या जर्सीच्या छातीवर भलामोठा इग्लू होता. बर्फाचं घर, खाली दार, बस्स. गावोगाव हिंडणाऱ्या संघाला लोकांनी लांबून ओळखावं यासाठी काढलेलं ते चिन्ह आजच्या कुठल्याही ब्रँडिंगवाल्याच्या तोडीचं आहे. ‘लोगो नव्हते’ म्हणणाऱ्याने तो फोटो एकदा बघावा.

गंमत म्हणजे हीच मंडळी जिथे लोगो खरोखरच नव्हता तिथे तो आधी चिकटवतात: हेल्मेटवर. तेव्हाचं हेल्मेट म्हणजे चामड्याची टोपी, तीही ऐच्छिक. लीगने हेल्मेट सक्तीचं केलं १९४३ मध्ये. हेल्मेटवर पहिलं चिन्ह आलं १९४८ मध्ये, तेही लॉस एंजेलिस रॅम्सच्या (रॅम म्हणजे मेंढा) फ्रेड गेर्की या खेळाडूने स्वतः ब्रश घेऊन मेंढ्याची शिंगं रंगवली म्हणून. गेर्की चित्रकला शिकलेला होता. १९२३ चा कँटन बुलडॉग्ज काढताना चकचकीत हेल्मेटवर गुरगुरणारा कुत्रा बसवला, तर ते चित्र आजचं झालं. आजचं काढायला हरकत नाही, फक्त त्याखाली ‘१९२३’ लिहू नका.

रंगांचा मुद्दा मात्र सवडीने सांगण्यासारखा आहे, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींमधलं गाव पॉट्सव्हिल, त्यांचा संघ मरून्स. जुन्या फोटोत जर्सी जवळपास काळी दिसते. मी विचार केला, कोळशाचं गाव, काळीच असणार, आणि अख्खा गणवेश काळ्यात रंगवून मोकळा झालो. संघाचं नावच ‘मरून्स’ आहे याकडे लक्ष गेलं नाही, असा शहाणा मी. फोटोत मरून काळा दिसतो याचं कारण रसायनात आहे. त्या काळी सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे लाल आणि मरून काळे पडतात, तर निळा प्रत्यक्षापेक्षा फिका उतरतो. म्हणजे काळापांढरा फोटो मुका नाही, तो वेगळ्या बोलीत बोलतो इतकंच. जर्सी काळी, पण शेजारचं निळं आभाळ पांढरंफटक असेल, तर काळ्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. एका बटणात जुने फोटो रंगवून देणारी ॲप्स नेमकी इथे फसतात. शिवाय तेव्हाचे वार्ताहर सामन्याच्या बातमीत जर्सीचा रंग अनेकदा लिहीत, कारण वाचकाला फोटोतून तो कळणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. ‘कोणालाच ठाऊक नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी शोधलं नाही’ एवढाच असतो.

कित्येकदा तर रंग आधी आला आणि नाव मागून. पॉट्सव्हिलबद्दल सांगतात की जर्सी मागवताना रंग कुठलाही चालेल म्हणून कळवलं होतं, मरून आल्या, आणि संघ मरून्स झाला. शिकागोत १९०१ मध्ये ख्रिस ओब्रायन यांनी शिकागो विद्यापीठाच्या वापरलेल्या, विटलेल्या मरून जर्सी विकत घेतल्या. कोणीतरी रंगाला नाव ठेवलं तेव्हा ते म्हणाले, हा मरून नाही, हा कार्डिनल लाल. तोच संघ आज ॲरिझोनात कार्डिनल्स म्हणून खेळतो. म्हणजे मुळात कार्डिनल हा धुऊन धुऊन फिका झालेला रंग होता, त्याच नावाचा लाल पक्षी नंतर येऊन बसला. तेव्हा १९२० चा गणवेश काढताना चोचवाला पक्षी काढणारा नावातून अर्थ काढतोय, पण उलट्या दिशेने.

पट्ट्यांचंही तसंच. छातीवरचे आणि बाह्यांवरचे उभे पट्टे आपण नक्षी समजून मनाला येतील तसे वळवतो. त्यातले पुष्कळसे शोभेचे नव्हतेच. चेंडू निसटू नये म्हणून खरखरीत कापड किंवा चामडं शिवलेलं असे. ते कुठे असायचं हे हात कुठे येतो यावरून ठरे. त्या काळचा नावाजलेला खेळाडू जिम थॉर्प जिथे शिकला त्या कार्लाइल शाळेच्या संघाने १९०८ मध्ये म्हणे जर्सीवर चेंडूच्याच आकाराची ठिगळं शिवली, समोरच्याला खरा चेंडू कोणाकडे हे कळू नये म्हणून. यापेक्षा बोलका ‘लोगो’ मला तरी अजून सुचलेला नाही.

आता नावं. डेटन ट्रायँगल्समधला त्रिकोण भूमितीचा नाही. डेल्को, डेटन मेटल प्रॉडक्ट्स आणि डोमेस्टिक इंजिनिअरिंग या तीन कारखान्यांचा तो त्रिकोण, आणि कारखान्यांतले कामगार हेच सुरुवातीचे खेळाडू. प्रॉव्हिडन्स स्टीम रोलर हे नाव एकवचनी आहे, शेवटी ‘स’ नाही. आणि तो रोलर म्हणजे रस्ता दाबणारा रोड रोलर. १९२८ चं विजेतेपद मिळवणारा हा संघ सायकल शर्यतींच्या ट्रॅकच्या आत मांडलेल्या मैदानावर खेळायचा. इतकं सगळं हाताशी असताना कोणी तिथे डोळे वटारलेलं रेल्वे इंजिन काढलं, तर काय म्हणावं?

सगळ्यात अवघड प्रकरण ऊरांग इंडियन्सचं, आणि ‘चूक असं काही नसतंच’ हे वाक्य तिथे अगदीच उघडं पडतं. ओहायोतल्या लारू या चिमुकल्या गावात वॉल्टर लिंगो एअरडेल जातीची कुत्री विकायचे. ऊरांग हे त्यांच्या कुत्र्यांच्या व्यवसायाचं नाव. १९२२ मध्ये १०० डॉलर भरून त्यांनी लीगमध्ये संघ घेतला. त्यांचं एक कुत्रं १५० डॉलरला जायचं म्हणतात. खेळाडू सगळे मूळ अमेरिकन जमातींचे, खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही थॉर्प. मध्यंतरात याच खेळाडूंना कुत्र्यांसोबत खेळ करून दाखवावे लागत. दोन हंगामांत संघ संपला. आता नव्याने लोगो काढणारा बहुधा थेट पिसांचा मुकुट घातलेला चेहरा काढतो. म्हणजे लिंगोंनी जाहिरातीसाठी केलं तेच शंभर वर्षांनी फुकटात करतो. वॉशिंग्टनच्या आणि कॅनडातल्या एडमंटनच्या संघांनी २०२० मध्ये मूळ रहिवाशांवर बेतलेली नावं बाजूला ठेवली, ते उगाच नाही. डुलुथचा इग्लू मला कितीही आवडत असला तरी ‘एस्किमोज’ हा आता अपमानकारक मानला जाणारा शब्द मी नव्या जर्सीवर मोठ्या अक्षरांत घालत नाही. ऊरांगसाठी मी कुत्रं काढलं. संघाचा खरा मालक कोण होता ते त्यात निदान लपत नाही.

राहिलं ‘संघ मेले, त्यांचं कोणी उरलं नाही’. हे पॉट्सव्हिलमध्ये जाऊन म्हणून दाखवावं. ६ डिसेंबर १९२५ रोजी मरून्सनी शिकागोत जाऊन कार्डिनल्सना २१–७ हरवलं. सहा दिवसांनी फिलाडेल्फियात नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंशी एक प्रदर्शनीय सामना खेळले, तोही जिंकले. पण लीगच्या नियमानुसार ती हद्द फ्रँकफर्डच्या संघाची होती, तिथे दुसऱ्याने खेळायचं नव्हतं. लीगने मरून्सना निलंबित केलं आणि विजेतेपद कार्डिनल्सच्या नावावर गेलं. गाव ते विसरलं नाही. खेळाडूंनी कोळशातून कोरलेली ट्रॉफी कँटनच्या हॉल ऑफ फेमला (या खेळाच्या संग्रहालयाला) दिली. २००३ मध्ये प्रकरण पुन्हा उघडावं का यावर संघमालकांचं मतदान झालं, ३० विरुद्ध २ ने मागणी फेटाळली. अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीच्या हंगामासाठी मतदान घ्यावं लागतं, तिथे कोणी उरलं नाही कसं म्हणायचं? (कायद्याचं एका ओळीत: जुन्या चित्राचा कॉपीराइट संपला म्हणून नावाचा ट्रेडमार्कही मोकळा असेलच असं नाही. टी-शर्ट विकणाऱ्यांनी आधी ते तपासावं.)

एका गोष्टीत तो मजकूर बरोबर आहे. काही संघांचं खरोखर काहीच हाती लागत नाही आणि तिथे कल्पना लढवावीच लागते. मी सध्या कोलंबस पॅनहँडल्सवर अडलोय. शब्दशः अर्थ घेतला तर तव्याची मूठ. प्रत्यक्षात पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या पॅनहँडल विभागातल्या वर्कशॉपचे कामगार, रेल्वेचा पास असल्यामुळे फुकट प्रवास करून खेळायला जाणारे. १९२१ मध्ये टेड नेसर आणि त्याचा मुलगा चार्ली याच संघातून एकत्र खेळले. व्यवस्थापक होते जो कार, पुढे लीगचे अध्यक्ष झालेले आणि पॉट्सव्हिलला निलंबित करणारे तेच. दोन रेखाटनं तयार आहेत: एकात बॉयलरचा रिव्हेट, दुसऱ्यात कंडक्टरने भोक पाडलेला रेल्वे पास. मला पास आवडतोय.